पॅनमन निवृत्त होतो तेव्हा

साखर कारखान्यात बॉयलर चालवणाऱ्याकडे सरकारी प्रमाणपत्र लागतं. वजनकाट्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. लॅबमधला केमिस्ट बीएस्सी लागतो. आणि ज्याच्या हाताखाली रसाची साखर होते त्या पॅनमनला काय लागतं? आधीचा पॅनमन लागतो. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत या कामाचा रीतसर अभ्यासक्रम आहे, नाही असं नाही. पण मी ज्या सहकारी कारखान्यात नोकरी केली, तिथले तिन्ही पाळ्यांचे पॅनमन काच पुसणारे हेल्पर म्हणून लागले होते आणि तिथूनच चढत वर आले होते.

मी संगणक विभागात होतो. ऊसबिलं, पगारपत्रकं, रोजचं टनेज. एका ऑफ-सीझनला वरच्या मंडळींच्या ध्यानात आलं की प्रोसेसमधली जुनी फळी जवळजवळ एकदमच निवृत्त होतेय. एका झटक्यात भरती झालेली माणसं, एका झटक्यातच जाणार. त्यात नवल काही नव्हतं, पण तोवर कुणी बोटं मोजली नव्हती. नेमके त्याच सुमारास कार्यकारी संचालक पुण्यातल्या एका कार्यशाळेत ‘नॉलेज मॅनेजमेंट’ ऐकून आले. मला बोलावून म्हणाले, “या लोकांच्या डोक्यात जे आहे ते सगळं लिहून घ्या. सॉफ्टवेअर लागलं तर सॉफ्टवेअर करू.” फॉर्म त्यांनीच आणला होता. कामाचे नाव, टप्पे, साधने, घ्यावयाची काळजी, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत अरुंद होता.

पॅन म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण साखर खाणाऱ्यांतल्या शंभरात एकानेही तो पाहिलेला नसतो. दोन मजली उंच, बंद भांडं. पोटात वाफेच्या नळ्या, डोक्यावर व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी. व्हॅक्यूम पाऱ्याच्या २५-२६ इंचांवर धरलं की सिरप, म्हणजे आटवून दाट केलेला रस, ६०-७० अंशांतच उकळतं, त्यामुळे साखर करपत नाही आणि रंग चढत नाही. सिरप आटत आटत अशा अवस्थेला येतं की एरवी मावली असती त्याहून जास्त साखर त्यात विरघळून असते. त्या क्षणी बारीक दळलेल्या साखरेचं बी आत सोडायचं. मग त्या कणांवर साखर चढत जाते आणि दाणा मोठा होतो. सगळा खेळ एका चिंचोळ्या पट्ट्यात राहण्याचा. जरा पातळ झालं की सोडलेला दाणा विरघळतो. जरा जास्त आटलं की नको तिथे नवा बारीक दाणा फुटतो. त्याला खोटा दाणा म्हणतात. तो पुढे सेंट्रिफ्यूगलच्या, म्हणजे दाणे वेगळे काढणाऱ्या गरगरत्या यंत्राच्या, जाळीतून निसटतो नाहीतर जाळी चोंदवतो, म्हणून पाणी देऊन तो मारावा लागतो. पाणी दिलं की वाफ गेली, वेळ गेला, आणि मागे मिलमध्ये ऊस तर येतच असतो.

हे कळतं कसं? पॅनच्या पोटात एक पितळी दांडा खुपसलेला असतो, प्रूफ स्टिक. ती फिरवून ओढली की चमचाभर ऐवज बाहेर येतो. पॅनमन तो काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो, मग अंगठा आणि तर्जनीत घेऊन ताणतो. दिवाळीत आजी पाक एकतारी झाला की दोनतारी हे जसं बघायची, तसंच हे. फक्त कढईच्या जागी कित्येक टनांचा पॅन.

थोरल्या पॅनमनना सगळे मामा म्हणत. फॉर्म घेऊन मी त्यांच्यापाशी गेलो.

“मामा, बी कधी सोडायचं?”

“पाक आला की सोडायचं.”

“पाक आला हे कसं कळतं?”

त्यांनी काच माझ्या डोळ्यांसमोर धरली. “हे काय. दिसतंय की.”

मला दिव्याच्या उजेडात पिवळट चिकट थर दिसला. ‘टप्पे’ या रकान्यात मी लिहिलं: पाक तयार झाल्यावर बी सोडणे.

पुढे हौसेने या विषयावरचं वाचायला घेतलं तेव्हा मायकेल पोलान्यी भेटला. हंगेरीत जन्मलेला, मूळचा रसायनशास्त्रज्ञ, बर्लिनमध्ये स्फटिकांवर काम केलेला. नाझी आल्यावर १९३३ मध्ये तो मँचेस्टरला गेला आणि हळूहळू तत्त्वज्ञानाकडे वळला. आपल्याला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं, हे त्याचं म्हणणं १९६६ च्या छोट्याशा पुस्तकात आहे. गर्दीत ओळखीचा चेहरा झटकन ओळखता येतो. कशावरून ओळखला ते मात्र सांगता येत नाही. स्फटिकांचा अभ्यास केलेल्या माणसाला आमच्या पॅनफ्लोअरवर दोन तास उभं करायला हवं होतं असं मला फार वाटतं. मामांशी त्याचं जमलं असतं.

या सांगता न येणाऱ्याला मराठीत अव्यक्त ज्ञान म्हणतात, आणि कागदावर उतरतं ते व्यक्त. व्यवस्थापनाच्या जगात ही जोडी गाजवली ती जपानच्या इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी, १९९० च्या दशकात. त्यांचं लाडकं उदाहरण मात्सुशिता कंपनीच्या घरगुती पाव करण्याच्या यंत्राचं. यंत्रातला पाव बाहेरून करपायचा, आत कच्चा राहायचा. कणीक मळण्यात काहीतरी हुकत होतं. तेव्हा कंपनीतली इकुको तनाका नावाची सॉफ्टवेअर करणारी बाई ओसाकातल्या एका नामांकित हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारी करायला गेली. मळताना तो कणकेला एक खास पीळ देऊन ताणतो हे तिच्या लक्षात आलं. मग यंत्राच्या आत खाचा-कंगोरे बसवून तो पीळ साधला.

गोष्ट झकास आहे. पण तिचा अर्थ जो तो आपापल्या सोयीने लावतो. अव्यक्ताचं व्यक्तात ‘रूपांतर’ झालं, असा निष्कर्ष काढून सल्लागार मंडळी पुढची स्लाइड लावतात. मला त्यातली तनाका बाई महत्त्वाची वाटते. तिने पाववाल्याला फॉर्म दिला नाही. ती स्वतः पीठ मळायला उभी राहिली. पाववाल्याला त्या पिळाबद्दल विचारलं असतं तर तो म्हणाला असता, कणीक आली की थांबायचं.

आता माझी खरी तक्रार. ‘अव्यक्त’ हे आम्ही एकच मोठं पोतं केलं, आणि जे जे कागदावर नाही ते सगळं त्यात भरलं. पॅनफ्लोअरवर वावरल्यावर दिसायला लागलं की न सांगितलेलं एका जातीचं नसतंच मुळी. बोटांतली तार सांगता येत नाही, हे खरं. पण मामा दोन नंबरच्या पॅनचं व्हॅक्यूम नेहमी २४ वर का ठेवतात, असं सहज विचारलं तेव्हा ते म्हणाले, “त्यो गेज दोन इंच कमी दाखिवतो. बदलल्यापास्नं तसाच हाय.” यात अव्यक्त ते काय? एका वाक्यात सांगून झालं. शाळकरी पोराला कळेल असं ज्ञान. ते तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण तसा रकाना नव्हता आणि कुणी विचारलंही नव्हतं. इन्स्ट्रुमेंटवाल्यांना कळवलं का, असं विचारलं. “त्यांनी कवा इचारलं?” बाजूच्या खात्याला स्वतःहून सांगायला जाण्याची रीत नव्हती, गेलं तर ‘तुमचं काम बघा’ ऐकायला मिळे. अशा गोष्टी जमवायला मानसशास्त्र लागत नाही, तत्त्वज्ञान लागत नाही. अंगात खराब झाला तरी चालेल असा सदरा घालून जायचं आणि “हे असं का?” म्हणून विचारत राहायचं. कुठल्याही संस्थेतलं ‘अमूल्य अनुभवजन्य ज्ञान’ म्हणतात त्यातला मोठा हिस्सा या जातीचा असतो, अशी माझी समजूत झाली आहे.

तिसरी जात जरा अवघड जागेची. बी सोडायची वेळ झाली की मामा हेल्परला चहाला पाठवत. आधी मला तो योगायोग वाटला. मग कळलं की पूर्वी एका पोराला त्यांनी मन लावून शिकवलं होतं. पोरगा हुशार निघाला. तो हंगामी होता, कायम करा म्हणून त्याचे अर्ज कार्यालयात पडून राहिले, आणि लांबच्या एका खासगी कारखान्याने जास्त पगार देऊन त्याला उचलला. वर मामांनाच ऐकवण्यात आलं की तुम्ही माणसं टिकवत नाही. “शिकिवलं तर त्यो गेला, न्हाई शिकिवलं तर मी वाईट,” ते मला म्हणाले, आणि चहा घेऊन आलेल्या हेल्परच्या हातातून कप घेतला. हंगाम संपला की हंगामी माणूस घरी. हे ज्याच्या पाठीशी आहे त्याने आपलं एकुलतं एक भांडवल संस्थेच्या फाईलमध्ये का ठेवावं? त्याला ‘ज्ञान दडवण्याची मानसिकता’ असं नाव देणारे लोक स्वतःची वेतनश्रेणी मात्र ठरवून घेऊन आलेले असतात.

या जाती वेगळ्या काढण्याचा उपयोग काय ते संगीतात फार स्वच्छ दिसतं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. उस्तादांच्या घरची चीज, म्हणजे बंदीश, बाहेर जात नसे, कारण तीच पोटापाण्याची सोय होती. भातखंड्यांनी गावोगाव, संस्थानोसंस्थान फिरून, आर्जवं करून बंदिशी मिळवल्या, त्यांना स्वरलिपी दिली आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग मराठीत तयार केले. म्हणजे दडवलेलं बाहेर आलं, न विचारलेलं विचारलं गेलं. विलक्षण काम. आज कुठल्याही तालुक्याच्या गावात ते पुस्तक उघडून बंदीश वाचता येते. पण नुसतं पुस्तक वाचून कुणी मैफलीचा गवई झाल्याचं ऐकिवात नाही. आंदोलित, म्हणजे झुलवत लावायचा, गंधार किती आणि कसा, हे अजून समोर बसूनच घ्यावं लागतं. भातखंड्यांवर टीका करणारे ‘स्वरलिपीत गाणं मावत नाही’ म्हणतात ते खरंच आहे. पण मावण्याजोगं जे होतं ते तरी त्यांच्यामुळे वाचलं.

इतकं जमवून झालं तरी एक प्रकार उरतोच, आणि तो मला सगळ्यांत भीतिदायक वाटतो: जे करणाऱ्यालाही आपण करतोय हे माहीत नसतं. अमेरिकेच्या डब्ल्यू-७६ या अण्वस्त्राच्या वॉरहेडमध्ये ‘फॉगबँक’ या सांकेतिक नावाचा एक पदार्थ लागतो. टेनेसीतल्या ओक रिजला तो १९८९ पर्यंत तयार होत होता. मग काम थांबलं, जुना कारखाना मोडला, माणसं पांगली. पुढे या शस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा तो पदार्थ पुन्हा हवा झाला. जुन्या नोंदी अपुऱ्या, पण होत्या. नवा कारखाना उभारला, आणि माल जमेना. बराच काळ आणि प्रचंड पैसा गेल्यावर उलगडा झाला तो असा: मूळ मालात कच्च्या पदार्थातून आलेली एक अशुद्धी होती आणि तीच गुणाची होती. नव्या प्रक्रियेत स्वच्छता जास्त चांगली, त्यामुळे ती अशुद्धी धुऊन निघत होती. आधीच्या कामगारांना ती तिथे आहे याची जाणीवच नव्हती. त्यांना कुणी कितीही फॉर्म दिले असते तरी ‘थोडी घाण राहू द्यावी’ असं कुणी लिहिलं नसतं.

मामा काच कोमट पाण्याने पुसायला लावत. गार पाण्याने पुसली तर हेल्परला शिव्या. का, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या उस्तादाने तसं शिकवलं होतं. त्यात काही अर्थ आहे की नुसती सवय, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र ‘काळजी’च्या रकान्यात ते लिहून ठेवलं.

कार्यशाळावाल्यांचा एक पिरॅमिड असतो. तळाला आकडे, त्यावर माहिती, त्यावर ज्ञान, टोकाला शहाणपण. रसेल अ‍ॅकॉफने १९८९ मध्ये ही उतरंड मांडली असं सांगतात. चित्र भिंतीवर लावायला छान आहे. आमच्या पॅनवर कंडक्टिव्हिटी मीटर (पाकातून वीज किती सहज जाते ते मोजणारा) बसवला तेव्हा आकड्यांचा तुटवडा उरला नाही, दर मिनिटाला आकडा. त्या आकड्यांचा ढीग करून ज्ञान झालं का? उलट झालं. ज्याला पाक कळत होता त्याला त्या आकड्यात काय बघायचं ते कळलं. बाकीच्यांसाठी तो हलणारा आकडा होता. पिरॅमिड वरून खाली वाचला तर जास्त खरा ठरतो, असं माझं मत.

मग संस्थेला काय करता येतं? झेरॉक्स कंपनीचं उदाहरण मला पटतं. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात तिथल्या कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून त्यांचा अभ्यास केला. कंपनीने त्यांना जाडजूड मॅन्युअल दिलेलं: अमुक कोड आला तर तमुक तपासा. प्रत्यक्षात यंत्रं मॅन्युअलप्रमाणे बिघडत नसत. तंत्रज्ञ शिकत ते न्याहारीच्या टेबलावर, एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांमधून. ‘अरे, तसाच कोड माझ्याकडे आला होता, आणि निघालं भलतंच.’ कागदावर बघितलं तर हा रिकामटेकडेपणा. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने ‘युरेका’ नावाची व्यवस्था केली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, दुसऱ्या जाणत्या तंत्रज्ञांनी ती तपासायची, आणि मग ती लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना मिळायची. नावासकट, हे फार महत्त्वाचं. आमच्या फॉर्मवर ‘माहिती संकलक’ म्हणून माझं नाव होतं. मामांचं कुठेच नव्हतं.

आमच्याकडेही न्याहारीचं टेबल होतं. पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. येणारा पॅनमन अर्धा तास आधी यायचा आणि जाणारा अर्धा तास रेंगाळायचा. त्या वेळात सगळं व्हायचं. आज कुठल्या गावचा ऊस आहे, तो तोडून किती दिवस पडला होता, पूर्णिमेला मजूर गावी गेल्याने शिळा ऊस जास्त येणार, एक नंबरचा झडपेचा हात जड झालाय, तीन नंबरचा पाक आज हट्टी आहे. हट्टी म्हणजे काय हे कुणी कुणाला समजावून सांगत नसे. जाणारा काच दाखवायचा, येणारा बोटात ताणून बघायचा आणि मान हलवायचा. नवखा हेल्पर मागे उभा राहून हे ऐकायचा. मामा बी सोडताना त्याला चहाला पाठवत, पण या अर्ध्या तासात त्याला कुणी हाकलत नसे. तो जे काही शिकला ते इथेच. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये उमेदवारीने शिकण्याबद्दल जे मांडलं, की शिकाऊ माणूस कामाच्या कडेला उभा राहून हळूहळू मध्ये सरकतो, ते वाचताना मला तोच पोरगा दिसत होता.

मग गेटवर बायोमेट्रिक हजेरी आली. पाळी संपल्यावर आत राहिलात तर ओव्हरटाइमचा प्रश्न, पाळीआधी आत आलात तर विम्याचा प्रश्न. टाइम ऑफिसने नोटीस लावली की दहा मिनिटांपेक्षा जास्त आधी किंवा नंतर कुणी आत असू नये. कुणाचाच वाईट हेतू नव्हता. ज्या हंगामात आम्ही ज्ञान व्यवस्थापनाच्या फाईली बांधत होतो त्याच हंगामात तो अर्धा तास गेला, आणि त्याची नोंद कुठल्याही फाईलमध्ये नाही.

मामा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षांचं ‘तुमच्या अनुभवाची शिदोरी’ वगैरे. फाईल पॅनफ्लोअरवर एका खिळ्याला अडकवलेली राहिली. तिच्यात मी टाइप केलेलं फारसं कुणी वाचलं नसावं. पण दुसऱ्या पाळीच्या तरुण पॅनमनने समासात बॉलपेनने काही काही लिहायला सुरुवात केली होती. ते मला फार आवडायचं. ‘पाऊस झाल्यावर दोन दिवस पाक उशिरा येतो.’ ‘२ नं. गेज २ इंच कमी दाखवतो.’ अक्षर वेडंवाकडं, पण फॉर्ममधल्या माझ्या मजकुरापेक्षा किती तरी कामाचं.

पुढच्या ऑफ-सीझनमध्ये इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी तो गेज शेवटी बदलला. नवा गेज बरोबर दाखवत होता. समासातली ओळ तशीच राहिली. तोवर तो तरुणही दुसरीकडे गेला होता आणि त्याच्या जागी मराठवाड्यातल्या एका कारखान्यातून नवीन पॅनमन आला होता. माणूस नेकीचा, फाईल वाचणारा. त्याने ती ओळ वाचली, गेजवर २४ दिसत असताना मनात २६ धरले आणि निश्चिंत राहिला. दोन पाळ्यांनंतर लॅबमधून फोन आला की साखरेचा रंग वाढलाय, इक्युम्सा (रंगाचं माप) आवाक्याबाहेर. चीफ केमिस्ट स्वतः वर आले, थर्मामीटर बघितला, गेज बघितला, मग फाईल बघितली.

त्यांनी ती ओळ लाल शाईने खोडली आणि परिपत्रक काढलं: फाईलमधील प्रत्येक नोंदीवर दिनांक, नाव, तिकीट नंबर व विभागप्रमुखांची सही आवश्यक. वाचायला अगदी रास्त. त्यानंतरच्या हंगामात मी मुद्दाम जाऊन बघितलं, तर समास कोरे होते. फाईल मात्र ऑडिटला दर वर्षी बरोब्बर सापडते.